नववी खुंटी

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या वर्गावर होते. फोन आत्याचा होता. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण आणि तात्या तिचे यजमान. "मंगल, तुझे तात्या गेले गं. सकाळी चहा घेता घेता गेले," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने आवाज खाली आणला. "आणि खोलीची किल्ली सापडत नाहीये. कुठं ठेवायचे, तुला माहितीये का?" ...मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं आणि आत्या मला किल्ली विचारत होती. मला नवल वाटलं नाही. त्या घरात चार वर्षं काढलेल्या कोणालाच वाटलं नसतं. किल्ली दुपारी सापडली, तात्यांना शेवटची आंघोळ घालताना. त्यांच्या करदोड्याला बांधलेली होती.

त्याला आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीतले श्रद्धांजलीचे लेख मी शाळेपासून वाचत आले आहे. गेलेला माणूस त्यात मनमिळाऊ असतो, सगळ्यांच्या मदतीला धावणारा असतो. तात्या मनमिळाऊ नव्हते. मदतीला मात्र ते एकदा धावले होते, आणि ती मदत माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी होती, म्हणून हा लेख लिहिताना माझा हात अडखळतो. इगतपुरी तालुक्यातल्या आमच्या गावात बारावीनंतर मुलींचं शिक्षण संपायचं. आमच्या घरात तोवर बारावीच कोणी पाहिली नव्हती. तात्या भाताच्या लावणीच्या दिवसांत आले, बांधावर उभे राहून अण्णांना, माझ्या वडिलांना, म्हणाले, "पोरीला माझ्याकडे पाठव. नाशकात कॉलेज करेल. माझं घर मोठं आहे." अण्णा चिखलातून वर आले आणि त्यांनी तात्यांच्या पाया पडायला हात पुढे केले. मी आज प्राध्यापक आहे ती त्या एका वाक्यामुळे. मी तात्यांची ऋणी आहे, आणि मला तात्या आवडत नव्हते. मला दोन्ही लिहायचं आहे.

घर मोठं होतं हे खरं. ओझरच्या कारखान्यात नोकरी करून त्यांनी ते आडगावच्या बाजूला बांधलं होतं, मागे द्राक्षांचे मळे होते. त्यात एक खोली आत्यासाठी म्हणून काढलेली. आत्याला दम्याचा त्रास, म्हणून मळ्याकडून वारं येईल अशी मोठी खिडकी तिथे ठेवली होती. मी राहायला गेले तेव्हा त्या खिडकीच्या जागी विटा होत्या. तात्यांनी ती बुजवून घेतली होती, कारण त्या खोलीत आता बंदुका राहत होत्या. आत्या हॉलमध्ये, दाराजवळ, सतरंजीवर झोपायची. खोलीतून तेलाचा उग्र वास यायचा आणि आत्या रात्रभर खोकायची.

खोलीच्या भिंतीवर सागवानी खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला पट्ट्याने एकेक बंदूक लटकलेली. मी आले तेव्हा सहा होत्या. तात्यांनी त्यातली एकही कधी कशावर झाडली नव्हती. काडतुसांचा हिशोब द्यावा लागतो म्हणून तर ते काडतूस हातातसुद्धा घ्यायचे नाहीत. ते बंदुका पुसायचे. पुसायला त्यांना आत्याच्या जुन्या सुती साड्याच लागत, दुसरं कापड नळीत नीट फिरत नाही म्हणे. एका रविवारी आत्या पोळ्या लाटत असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि तिच्या पदराचं टोक बोटांत चोळून म्हणाले, "ही आता जुनी झाली का गं?"

"अजून मी नेसलेली आहे," आत्या म्हणाली.

त्यांचा रोग बंदुकीपेक्षा खुंटीचा होता, असं मला पुढे वाटू लागलं. सहा खुंट्या भरल्या की त्यांना भिंत अर्धीच दिसायची. मग सुताराला बोलावून ते आणखी तीन ठोकून घेणार. खुंट्या ठोकल्या की रिकाम्या दिसणार. रिकामी खुंटी त्यांना सहन होत नसे. जेवताना मध्येच उठून बघून येत. "घराला दात पडल्यासारखं वाटतं," म्हणत. मग कुठेतरी कोणी म्हातारा दुनळी बंदूक विकतोय असं कळायचं. आत्या एकदा म्हणाली, "आहेत त्या कमी आहेत का?" तर म्हणाले, "तुझ्या साड्या मोजल्या का मी कधी?"

"माझ्या साड्यांना पोलिसांची सही लागत नाही."

आत्या त्यांना उलटून बोलली तर एवढंच. बाकी राग ती बंदुकांवर काढायची. खोली झाडताना डोक्याला बंदुकीचा दस्ता लागला की "मेली", पट्टा पायात आला की "मेली". त्या घरातल्या प्रत्येक बंदुकीचं नाव आत्याच्या तोंडी मेली असंच होतं.

एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, म्हणून तीन तात्यांच्या नावावर, तीन आत्याच्या, आणि पुढे तीन मुलाच्या, सतीशदादाच्या नावावर झाल्या. नव्या परवान्यांचे आणि जुन्यांच्या नूतनीकरणाचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि मी त्यांच्या घरी राहत होते. अर्जात शस्त्राची आवश्यकता कशासाठी, असा एक रकाना असे. तात्या सोफ्यावर बसून म्हणायचे, "लिही काहीतरी झणझणीत." मी लिहायची. आत्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी मी असं लिहिलं होतं की अर्जदार महिला पहाटे एकट्या मळ्यात जातात. आत्या कधी मळ्यात गेली नव्हती, मळा दुसऱ्याचा होता. मी मराठीची विद्यार्थिनी, आणि माझं पहिलं कल्पित लेखन सरकारी फायलीत पडून आहे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तात्यांनी नऊच्या नऊ गादीत गुंडाळून नेल्या आणि घरी येऊन सुतक असल्यासारखे बसले. आणि त्याच आठवड्यात सकाळी सात वाजता मागच्या अंगणात बिबट्या आला. ही थाप नाही, आमच्या भागात ऊस आहे, बिबटे येतात. तात्या तेव्हा बाथरूममध्ये होते. त्यांनी आतून कडी घातली ती घातलीच. आत्याच्या हातात कणकेची परात होती. तिने ती पालथी केली, कणीक जमिनीवर पडली, आणि लाटण्याने परात बडवत ती थेट अंगणात गेली. "हाड! हाड मेल्या!" बिबट्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कुंपणावरून उडी मारून गेला. आत्या पायरीवर बसली, तिला धाप लागली होती. तात्या टॉवेलवर बाहेर आले, अंगणातले ठसे नीट पाहिले आणि मला म्हणाले, "मंगल, कागद घे. आणखी एक लागणार."

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. मीही हसत असे.

त्यानंतर कायदा बदलला. एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका. तिघांच्या मिळून तीन बंदुका शस्त्रांच्या दुकानदाराकडे जमा कराव्या लागल्या आणि भिंतीवर एकदम तीन खुंट्या रिकाम्या झाल्या. तात्यांचं जेवण तुटलं. मग त्यांना तोडगा सुचला. कायद्याने बंदुका कमी करायला सांगितल्या, तात्यांनी माणसं वाढवायला घेतली. सतीशदादाचं लग्न त्याच काळात ठरत होतं. मुलगी बघायला गेलो तेव्हा तात्यांनी तिच्या वडिलांना विचारलं, "मुलीवर पोलीस केस वगैरे काही नाही ना?" समोरचा माणूस चहाचा कप धरून बघतच राहिला. वहिनी घरात आली आणि वर्षभरात दोन खुंट्या भरल्या. नववी उरली. मी तेव्हा एम.ए.ला होते आणि परवान्याला लागणारी एकवीस वर्षं मला नुकतीच पूर्ण झाली होती.

तात्यांनी अर्ज माझ्यापुढे ठेवला. पीक संरक्षणासाठी परवाना, आमच्या गावच्या भातशेतीच्या नावाने. मी नाही म्हणू शकले नाही. त्या घरचं अन्न खात होते... माझ्या अर्जातला तो रकाना मी स्वतःच लिहिला. रानडुकरं भाताची नासाडी करतात, असं लिहिलं. सही केली. जमिनीचा सातबारा तात्यांनी परस्पर अण्णांकडून मागवला. कशासाठी, असं अण्णांनी विचारलं तर म्हणाले, "मंगलच्या कागदपत्रांना लागतोय." अण्णांना वाटलं शिष्यवृत्ती. ते तलाठ्याकडे दोन हेलपाटे घालून उतारा घेऊन आले आणि सगळ्या गावाला सांगत सुटले की पोरीला सरकारचं काहीतरी मिळतंय.

मग चौकशीला पोलीस गावात गेले. अर्जदाराचं चारित्र्य कसं आहे, हे विचारणं त्यांचं काम. पण आमच्या वस्तीवर पोलिसांची गाडी कधी आली नव्हती. मंगल कोण, तिचं वागणं कसं, बंदूक कशाला पाहिजे... हे भर चावडीवर, लोकांसमोर विचारलं गेलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा कॉलेजच्या फाटकाशी उभे होते. पहिल्या एसटीने आले होते. धोतराला चिखल तसाच. मला पाहिल्यावर ते जवळ आले नाहीत, लांबूनच म्हणाले, "काय केलं गं तू?"

"काही नाही अण्णा. काय झालं?"

"पोलीस आलते गावात. लय मानसं जमली व्हती. बंदूक म्हनले, मंगल म्हनले. खरं सांग पोरी, कोनाला मारलं का? मी काय करत नाय तुला. फकस्त खरं सांग."

माझ्या वडिलांनी मला हे विचारलं. मी त्यांना तिथेच फुटपाथवर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "मंग सातबारा त्यासाठी व्हता?" ...ते आत्याच्या घरी पाणी प्यायलासुद्धा आले नाहीत, दुपारच्या गाडीने परत गेले. गावात ती गोष्ट कधीच मिटली नाही. माझी आई अजून लग्नकार्यात मागच्या रांगेत बसते.

मी अर्ज मागे घेतला. त्या संध्याकाळी तात्यांना मी म्हटलं, "तुम्ही अण्णांना फसवलंत." त्यांनी मान वर केली नाही. ते नळी पुसत होते. "चार वर्षं ठेवून घेतली तुला," ते म्हणाले, "एक खुंटी मागितली होती. एक." मी महिन्याभरात वसतिगृहात गेले. त्यानंतर दर खंडेनवमीला ते बंदुकांना झेंडूच्या माळा घालत, तेव्हा नवव्या रिकाम्या खुंटीलाही एक माळ घालत आणि आलेल्या पाहुण्यांना सांगत, "ही आमच्या मंगलची." पाहुणे हसत. आत्याला वाईट वाटू नये म्हणून मी त्या दिवशी तिथे जाऊन ओवाळणीचं ताट धरून उभी असे. मी त्यांना क्षमा केलेली नाही. ते गेले म्हणून आता करावी, असं मला वाटत नाही.

तेराव्यानंतर सतीशदादाने मला बाजूला घेतलं. हातात कोरा अर्ज होता. "बाबांच्या दोन बंदुका आहेत. माझा कोटा भरलाय, हिचाही भरलाय. तू तेव्हा नाही म्हणालीस, पण आता... बाबांची आठवण म्हणून. तुझ्या नावावर." तो खरंच रडत होता. मला त्याची दया आली आणि भीतीही वाटली. त्याची नजर माझ्या खांद्यावरून खोलीतल्या भिंतीकडे जात होती. दोन खुंट्या रिकाम्या होणार होत्या.

आत्या मेथी निवडत बसली होती. ती मान खाली घालूनच म्हणाली, "ह्यांच्या दोन आणि माझ्या दोन आज पोलीस ठाण्यात जायच्या. तुझ्या आणि सुनबाईच्या तू तुझ्या फ्लॅटवर ने."

"माझ्या फ्लॅटवर नाही हं," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "माझ्याही देऊन टाका. माझ्याकडे दोन बंदुका आहेत हे मला आज आठवलं."

"आई, बाबांनी जन्मभर जमवलंय ते."

"मी जन्मभर खोकलेय ते?" आत्याने मेथीची जुडी खाली ठेवली. "मला ती खिडकी पाहिजे सतीश. मला आता किती दिवस राहिलेत ते माहीत नाही, पण मी त्या खोलीत झोपणार आहे." मग माझ्याकडे वळली. "मंगल, कागद घे."

मी कागद घेतला. आत्याचा परवाना परत करण्याचा अर्ज लिहायचा होता. कारण काय लिहू, विचारलं. मला वाटलं ती दम्याचं सांगेल, वयाचं सांगेल. ती म्हणाली, "आवश्यकता नाही, असं लिही." मी लिहिलं. सतीशदादा अर्धा तास गच्चीवर जाऊन बसला, मग खाली आला आणि त्याने स्वतःच बंदुका गादीत गुंडाळायला घेतल्या. आठही.

परवा मी आत्याकडे गेले होते. खिडकी उघडली आहे. गवंड्याने विटा काढल्या, मळ्यावरचं वारं थेट आत येतं, पण तेलाचा वास अजून भिंतीतून जात नाही. आत्याची कॉट लागली आहे. आठ खुंट्या सुताराने काढून नेल्या, नववी त्याच्याकडून निघाली नाही. तात्यांनी ती माझी म्हणून पुन्हा पक्की करून घेताना सिमेंट भरलं होतं म्हणे. आत्याने माझ्यासमोर तिला दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. मग पाय भिंतीला लावून दिला. खुंटी हलली नाही.

"काय ठोकून बसवलीये मेल्यानं!" ती म्हणाली.

आणि थांबली. हात खुंटीवरच होते. इतकी वर्षं बंदुकांना दिलेली शिवी पहिल्यांदा तात्यांना लागली होती, आणि आता ती शिवीसुद्धा राहिली नव्हती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आधी कोण हसलं ते आठवत नाही, पण हसता हसता आत्याला धाप लागली आणि तिला खिडकीशी नेऊन बसवावं लागलं.

श्वास बसल्यावर तिने बाजारची पिशवी मागितली आणि उठून त्या खुंटीला अडकवली. "राहू दे," म्हणाली. "रिकामी वाईट दिसते."