सईचा कणा, माझी कंबर

आमच्या घरात पाठीचा कणा एकट्या लेकीचाच वाकडा होता. व्यायाम मात्र तिघांनी केला.

त्याचं काय आहे, पथ्य एकट्याने करायची आमच्याकडे पद्धतच नाही. वडिलांना डायबेटिस निघाला, तेव्हा अख्खं घर बिनसाखरेचा चहा प्यायचं (आणि मग बेकरीत जाऊन नानकटाई खायचं!). त्यामुळे ठाण्याच्या फिजिओ मॅडमनी माझ्या लेकीला, सईला, कण्याच्या बाकासाठी व्यायाम दिले, तेव्हा डोंबिवलीला घरी पोचताच माझ्या आईने फर्मान काढलं, "पोर एकटी नाही करणार. आपण सगळ्यांनी करायचं!"

"मला वगळा," बायको म्हणाली. "डबे कोण करणार?"

बाक वाढला, तर सईला दिवसभर प्लास्टिकचा कडक पट्टा लागणार होता. तिला त्याचीच धास्ती. नवरात्रात घागरा घालून गरबा खेळायचा होता हो तिला!

रोज संध्याकाळी हॉलमध्ये तीन चटया पडू लागल्या. उजव्या कुशीवर आडवं व्हायचं, बरगडीखाली टॉवेलची गुंडाळी, डावा हात डोक्यावरून लांब, आणि डाव्या बरगडीत श्वास भरायचा.

"बाबा, पोटात नाही, बरगडीत!"

"अगं, वाटेत पोटच लागतं!"

एकदा शेजारच्या म्हात्रेकाकी उघड्या दारातून डोकावल्या. तिघं ओळीने एका कुशीवर, निपचित! "अगो बाय, गॅस लीक झाला!" त्यांच्या आरोळीने वॉचमन ओलं पोतं घेऊन धावत आला. सई आणि मी धडपडत उठलो. आई जागची हलली नाही. व्यायाम मोडायला तयारच नाही, काय ती नातीवरची माया! मला भरून आलं.

नवरात्राच्या तोंडावर एक्स-रे काढला. बाक वाढला नव्हता. पट्टा नको! मी मॅडमसमोरच डोळे पुसले.

"पण तुम्ही असे तिरके का उभे?" मॅडमनी मला विचारलं.

"बाबा रोज माझ्याबरोबर करतो ना व्यायाम," सई कौतुकाने म्हणाली.

"अहो, हा एका बाजूचा व्यायाम! फक्त सईच्या बाकासाठी! सरळ माणसाने कशाला करायचा?"

"मग आई सरळ कशी?" मी चिडून विचारलं.

"मी कुठे करत होते?" बरोबर आलेली आई म्हणाली. "टॉवेल उशाला घेतला की मस्त डोळा लागायचा."

सई गरबा मनसोक्त खेळली. मी खुर्चीत बसून पाहिला, तिरकाच.

आता मला डाव्या कुशीचा व्यायाम आहे. पहिल्या दिवशी चटई अंथरून मी हौसेने हाक मारली, "चला, या सगळे!"

कुणी फिरकलं नाही. सोफ्यावरून सई तेवढी म्हणाली, "बाबा, मॅडम काय म्हणाल्या? सरळ माणसाने कशाला करायचा?"