दोऱ्याखालची तार

आमच्या शेडमधली हवेच्या दाबावर खिळे मारणारी गन कुणी हात न लावता सुटायची. ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी बघितलंय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीच्या मालासाठी लाकडी पेट्या करायचं ते शेड. मी तिथं फिटर. सुट्टीच्या दिवशी गेटावर कामगारांच्या हक्काची पत्रकं वाटायचो, म्हणून मालकाला नकोसा. मशीन अडलं की मात्र हवासा.

जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर बंद असायचा. पाइपांतली हवा हळूहळू गळून जायची. तिची फुसफुस थांबली की पत्र्यावर कावळा चालला तरी ऐकू यायचं. सुट्टी संपली की कॉम्प्रेसर धडधडायला लागायचा, पाइप ताठायचा आणि कोपऱ्यात हुकाला टांगलेली ती गन आपसूक ‘ठप्’ करायची. एकच खिळा, समोरच्या लाकडी खांबात. मग गप्प.

खांबावर खिळ्यांचा पुंजकाच झाला होता. त्या खांबापाशी पूर्वी खानापूरकडचा एकजण काम करायचा. ह्याच गनचा खिळा त्याच्या उजव्या तळहातातून आरपार गेला. तो गावी निघून गेला आणि त्यानंतर गन आपली आपण सुटायला लागली. खिळे लागायचे ते त्याच्या बरगडीच्या उंचीवर.

“हात मागालाय त्यो,” पेट्या ठोकणाऱ्या बायका म्हणायच्या.

“अगं, जित्ता हाय त्यो,” मी सांगायचो. “गावात जाऊन भेटून आलोय मी. डाव्या हातानं चा दिला मला.”

“जित्ता असंल की. हात तर हितंच गेला न्हवं?”

मला संताप यायचा. हात त्याचाच निसटला, असं ऑफिसनं सांगून टाकलेलं. खाली शेडमध्ये आम्ही त्या जिवंत माणसाचं भूत केलं. भूत झालं की कुणाला जाब विचारायचं कामच उरत नाही. मालकाला याहून सोयीचं काय असणार?

मग खांबापाशी असलेलं त्याचं टेबल माझ्या थोरल्या बहिणीच्या, शेडमध्येच पेट्या ठोकणाऱ्या आक्काच्या वाट्याला आलं. बाकी कुणी उभं राहायला तयार नव्हतं. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको, असं तिला सांगण्यात आलं. ती जाऊन खांबाला पाठ लावून उभी राहिली. आक्का ठेंगणी. खिळे बरोबर तिच्या गळ्याशी आले. साडीवर घातलेल्या शर्टाची कॉलर तिनं मुठीत धरली.

“नीट कर,” ती म्हणाली. “न्हाईतर खरं काय ते सांग. मी घरात बसतो.”

मी हवेचा पाइप सोडवला, खिळ्यांचं बंडल काढलं आणि गन खोलली. ट्रिगर दाबून सोडला तरी आतला वॉल्व्ह मागं येत नव्हता. त्यात तेलात कालवलेला लाल चिखल. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो ना, ते कुंकू. रबराची रिंगही फाटलेली. साफ केलं, नवी रिंग घातली. ट्रिगर चटकन परतायला लागला.

तरी मला पटेना. ह्या गनला दोन राखणदार असतात. एक ट्रिगर, दुसरं तिचं नाक. नाक लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. ट्रिगर अडकला होता, मान्य. पण हुकाला टांगलेल्या गनचं नाक तर अधांतरी. ते कोण दाबत होतं? भर दुपारी कधी नव्हे ते मी मागं वळून खांबाकडं बघितलं.

नाकावर पूजेचा लाल दोरा होता, जाडजूड गुंडाळलेला. मी कटर उचलला.

“दोऱ्याला हात लावू नगंस रं,” सुपरवायझर अण्णा मागून म्हणाला. “खंडेनवमी ते खंडेनवमी. मधी सोडत न्हाईत.”

कापला. खाली तार निघाली. नाक मागं ओढून घट्ट आवळलेलं, म्हणजे दर खिळ्याला दाबायला नको, काम भराभर. तारेच्या वेढ्यांतही कुंकू होतं. म्हणजे तार पूजेच्या आधीची. आम्ही तिचीच पूजा केली होती आणि जणू वर्षभर कुणी उघडून बघू नये म्हणून वर दोरा बांधला होता.

“कुणी बांधली, अण्णा?”

तो पत्र्याकडं बघत म्हणाला, “सगळीकडंच बांधत्यात. काढ आता ह्याच्यावर पण पत्रक.”

“काढणारच हाय.”

तार काढून फेकली, गन जोडली, हुकाला लावली. बायका भिंतीला चिकटून उभ्या. कॉम्प्रेसर सुरू केला. पाइप ताठला. आम्ही सगळे त्या ‘ठप्’ची वाट बघत राहिलो. आवाज आला नाही. तरी कुणी हुश्श केलं नाही.

आक्का त्या गनकडं बघतच नव्हती. ती बाकीच्या टेबलांकडं बघत होती. तिथल्या प्रत्येक गनच्या नाकावर तसाच लाल, फुगीर दोरा.

“आन् त्येंच्या खाली काय हाय, अण्णा?”

“पूजेचं हाय ते, आक्का.”

“व्हय की. म्हणूनच इचारालोय.”

तिनं माझ्या हातातला कटर घेतला. आधी जाऊन कॉम्प्रेसर बंद केला आणि पाइपांतली हवा सोडली. शेडभर फुसफुस सुरू झाली. ती पार थांबेपर्यंत आक्का उभी राहिली, आणि मग तिनं शेजारच्या टेबलावरचा दोरा कापला.

खाली तार होती.