बर्फावर उभं राहून मारलेले पट्टे

माझ्या मोठ्या जाऊबाई गेली बावीस वर्षं डोंगरावरच्या जंगलात झाडांना पट्टे मारतात. पायथ्यापासून वर कोळसेवाल्यांच्या जुन्या झोपडीपर्यंत पायवाट जाते. तिच्या कडेच्या झाडांवर वीतभर लाल पट्टा. तो बघत चाललं की माणूस चुकत नाही. उन्हाळ्यात सहली, पानगळीत आळंबी वेचणारे, थंडीत पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरणारे, अशी बारा महिने वर्दळ. वर पोचलेल्याला पूर्वीचे लोक मातीखाली लाकूड धुमसवून कोळसा कसा पाडत, हे दाखवल्याशिवाय जाऊबाई सोडत नाहीत.

पट्टा डोळ्यांच्या रेषेत हवा, हा त्यांचा नियम. एरवी पानगळीतच रंगाचा डबा घेऊन निघतात. गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणात पानगळ निघून गेली, म्हणून भर थंडीत निघाल्या. पायाखाली पुरुषभर बर्फ घट्ट बसलेला, जुने पट्टे त्यात गाडलेले. बाईंनी आपल्या डोळ्यांच्या रेषेत मारले पट्टे! बर्फ वितळला आणि पट्टे गेले आभाळात. खालचे जुने तोवर विटून गेलेले. उन्हाळ्यात तीन कुटुंबं चुकली. एक तर भलत्याच खोऱ्यात उतरलं.

जंगल खात्याच्या नव्या साहेबीणबाई घरी आल्या.

"काकू, पट्टे दिसत नाहीत अशी तक्रार आहे."

"दिसत कसे नाहीत? जरा मान वर केली तर मोडते का?"

"रविवारी सकाळी मी एकटी येते. अकरापर्यंत झोपडी सापडली तर ठीक. नाहीतर वाट बंद करावी लागेल."

दार लागलं तशा जाऊबाई रंगाचे डबे हलवून बघू लागल्या. वाट बंद म्हणजे त्यांचा सगळा दिवसच रिकामा.

"जाऊबाई, तुमची उंची मध्येच वाढली होती का हो?" मी विचारलं.

"तू गप. डबा उचल."

चार दिवस आम्ही दोघी खाली नवे पट्टे मारत झाडाझाडाला चिकटून होतो. वरचे पट्टे खरवडायचे होते, पण हात पोचेना. "राहू देत मेले," जाऊबाई म्हणाल्या.

रविवारी आम्ही नवापासूनच झोपडीत. साडेदहा झाले. जाऊबाईंनी स्वच्छ जमीन तिसऱ्यांदा झाडली.

"चुकली गं ती. गेली माझी वाट."

अकराला पाच कमी असताना साहेबीणबाई आल्या. रानफळं खाऊन ओठ जांभळे झालेले.

"वाट झकास आहे! आणि वरचे पट्टे बर्फातल्या लोकांसाठी ना? फार डोकं लावलंय काकू."

मी खाली बघितलं. जाऊबाई 'हो' म्हणाल्या असत्या तर कोण विचारणार होतं? तोंडही उघडलं त्यांनी. पण पोटात राहील तर ना!

"डोकं कसलं लावतेय! बर्फावर उभी राहून मारले. तो वितळेल हे सुचलंच नाही."

साहेबीणबाई हसत हसत बाकावर टेकल्या. "वाट चालू. पण वरचे पुसू नका. दर थंडीत तशाच बर्फावर उभ्या राहून मारा."

"म्हणजे चूक दर वर्षी करायची?"

"सरकारी कामच समजा."

"मग रंग जास्तीचा लागेल," जाऊबाई म्हणाल्या. "आणि ब्रश जरा बरा द्या. मागच्याला टक्कल पडलं होतं."