ब्रिझिदाची पोर परत आली

स्पेनच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या एल्वास गावात ब्रिझिदाएवढी तोंडाळ बाई दुसरी नव्हती. साखरेत मुरवलेले आलुबुखार विकायची आणि गिऱ्हाइकाने घासाघीस केली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. माझी पावाची भट्टी तिच्या शेजारीच, त्यामुळे मला सगळं फुकटात ऐकू यायचं. पोटच्या पोरीशी, लिओकादियाशी बोलताना मात्र ती अगदी मऊ व्हायची.

स्पेनशी दोस्ती पक्की करायला आमच्या राजाने आपली लहानगी मुलगी नदीपलीकडच्या त्यांच्या राजघराण्यात दिली. तिची वेणीफणी करायला लिओकादिया गेली. तेव्हापासून ब्रिझिदाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाक करपायचा, गिऱ्हाइकं शिव्या न खाताच परत जायची. मला ते बघवत नसे.

"पोर जिवंत आहे आणि दिसत नाही," ती म्हणायची. "रडू तरी कुठल्या तोंडाने गं?"

मग तिकडचा दरबार समुद्राकडे प्रवासाला निघाला. राजकन्येच्या गाडीमागे पहिली गाडी कुणाची, आमच्या सरदारणींची की त्यांच्या सरदारणींची, यावरून भर रस्त्यात जुंपली. कुणी हटेना. सगळा लवाजमा चिखलात खोळंबला. शेवटी त्यांनी आमच्या यच्चयावत माणसांना परत धाडलं. आमच्या राजाने चिडून तिथला आपला वकील माघारी बोलावला. एवढ्या खर्चाने जोडलेली सोयरीक गाडीच्या चाकाखाली गेली. शहाणीसुरती माणसं ही!

"अख्ख्या देशाची नाचक्की झाली म्हणतात," मी म्हटलं.

"होऊ दे! नाक राजाचं कापलं, माझं काय गेलं? माझी पोर येतेय!" ब्रिझिदा नवा रुमाल डोक्याला बांधून वेशीवर उभी राहिली. चौकात लोक स्पेनच्या नावाने बोटं मोडत होते आणि ही एकटी हसत होती.

लिओकादिया गाडीतून उतरली. आईने मिठी मारली, तरी तिचे हात खालीच लोंबत राहिले.

"आई, परत कधी सोडतील गं आम्हाला?"

"परत? अगं, घरी आलीस तू!"

"ती लहान आहे. मी केस विंचरल्याशिवाय झोपत नाही. गाडीमागे धावत आली, तर तिला धरून ठेवलं त्यांनी." आणि ती तिथेच रडायला लागली.

ब्रिझिदाने तिचं बोचकं उचललं. मला तर त्या पोरीचा रागच आला.

रविवारी देवळात ब्रिझिदा मेणबत्ती लावून मोठ्याने म्हणाली, "देवा, दोन्ही राजांचं भांडण मिटव."

मी तिला कोपराने ढोसलं. "शुद्धीवर आहेस ना? भांडण मिटलं की जाईल ती."

"कळतंय मला." तिने डोळे पुसले. "लिओकादियावाचून कसं होतं, ते मी भोगलंय. त्या लेकराला कशाला?"