हेतू : पोळ्या गरम ठेवणे

“हात लावू नका मावशी, पुरावा आहे!”

मुलुंडच्या त्या घरात मी पोळ्या करायला शिरले की पहिलं वाक्य हेच. ते बोलणारी मुलगी मैत्रिणीबरोबर भाड्यानं राहायची आणि सायबर सुरक्षेचं मोठं शिक्षण घ्यायची. म्हणजे फोनमधून कुणी पुसलेलं शोधून काढायचं. मी चौथी शिकलेली, मला एवढंच कळलं.

अशी हुशार माणसं तुम्हीही पाहिली असतील. हिचा पासवर्ड वीस अक्षरी, कुणाला ओळखता येऊ नये असा. म्हणून फ्रिजवर चिकटवलेला. जगाचं हरवलेलं शोधणारी ही मुलगी रोज मला विचारायची, “मावशी, माझा चष्मा कुठंय?”

परीक्षेसाठी सरांनी तिला एक फोन दिला. नेटवर्क मिळालं की आतलं सगळं आपोआप पुसलं जाईल, अशी खोडी सरांनीच करून ठेवलेली. नेटवर्क पोचू नये म्हणून तिनं तो फॉइलमध्ये घट्ट गुंडाळला आणि ठेवला कुठे? पोळ्यांच्या डब्याशेजारी. एवढं शिकल्यावर अशाच जागा सुचतात.

त्या दिवशी घरातलं फॉइल संपलेलं. मी फोनवरचं सोडवून तिच्या डब्याच्या पोळ्या बांधल्या. वर फोन चार्जिंगला लावला, सुरू केला. केवढी मी कामाची!

ती आंघोळ करून आली, फोन बघितला आणि मटकन खाली बसली. “वाट लागली.”

मला वाटलं, काम गेलं, आता पोलीसही येणार. गप्प राहावं म्हटलं, तर फोनला पीठ लागलेलं.

“मीच गं,” एवढंच बोलता आलं.

“फोन आपोआप सुरू झाला असं लिही ना यार,” मैत्रीण म्हणाली. “सरांना काय कळतंय?”

“मला कळतंय ना,” ही म्हणाली.

तिनं सरांना द्यायचा कागद ओढला. “मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा.” दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं. मग तिनं वाचून दाखवलं, “फोन उघडण्याचा हेतू : पोळ्या गरम ठेवणे. चूक : माझी. पुरावा स्वयंपाकघरात ठेवला.”

सही करताना माझे डोळे भरले.

“रडू नका हो, शाई फुटेल.”

खरं लिहिल्याचं बक्षीस मिळालं : नापास. ज्यांनी कागद छान रंगवले, ते पास होऊन नोकरीला लागले. ही सहा महिन्यांनी पुन्हा त्याच विषयाला बसली. मला एका शब्दानं बोलली नाही.

मग पास होऊन दूरच्या शहरात गेली. आता तिच्या खोलीत दुसरी मुलगी राहते. टापटीप आहे, सगळं जागच्या जागी. माझं नाव काय, हे तिनं विचारलेलं नाही. मीही कशाला सांगू?