पाण्याविना काढलेला काळा दगड

लोणावळ्याच्या फलाटावर आई एवढंच म्हणाली, "कुठंबी जा, पन कुनापुढं लय वाकू नगंस." माझा थोरला भाऊ, आमचा दादा, स्टेशनवर आलाच नाही. आमची भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेली होती. टेकावरची जी उरली ती दादाने स्वतःकडे ठेवली आणि तो गावभर सांगत सुटला, "जाऊ द्या त्येला. दिवाळीच्या आत माझ्याच दारात हुबा ऱ्हाईल." दादा, हे मी विसरलेलो नाही. तुझ्यासाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या मावळकरांसाठी हे लिहितो आहे.

राजपुतान्यात अभ्रकाच्या खाणीवर मी मुकादम झालो. मावळात पाणी भिंतींतूनसुद्धा झिरपतं. इथे तोंड धुतलेलं पाणी माणसं जपून झाडाला घालतात. अभ्रकाबरोबर कधी काळा, जड दगड निघे. त्यात युरेनियम असतं. रेडियम काढायला तो विलायतेला जाई. भरीव खडे खाणीच्या शेठने वेचून विकले होते. उरला होता तो टाकाऊ ढीग, पांढऱ्या दगडात काळे ठिपके असलेला. कुटून पाण्यात धुतला तर त्यातलं जड काळं वेगळं होतं, पण इथे पाणी कुठून आणणार, म्हणून कोणी हात लावत नव्हतं.

मी तो ढीग मक्त्याने मागितला. शेठ हसला. "पत्थर खाएगा क्या?"

माझं डोकं फिरलं. "उन्हाळ्याचा वारा थांबायच्या आत माल दिला नाही, तर मुकादमीही सोडतो," असं बोलून बसलो. मुकादमी सुटली असती तर पुढे दादाचंच दार होतं.

माझा हिशेब सरळ होता. खळ्यावर भात उफणतो तसा दगड उफणायचा. हलकं वाऱ्यावर जाईल, जड पायाशी पडेल. माझी बायको सरू मावळातून येताना सूप घेऊनच आली होती. दगड कुटला, तोंडाला फडकं बांधून ती घडवंचीच्या उंच तिवईवर चढली. वारा चांगला होता, पण खाली काळं-पांढरं एकत्रच पडलं. पुन्हा उफणलं, पुन्हा तेच. मी सूप हिसकावलं. "तुला साधं सूप धरता येत न्हाई?"

सरू खाली उतरली. "सुपावर कशाला डाफरताय? भाताचा दाना समदा एका मापाचा असतोय. तुमी हरबरा नि रवा एकत्र कुटलाय. पांढरा मोटा नि काळा बारका, दोनी सारख्याच वजनाचं. वारा तरी काय निवडंल?"

आम्ही भाताची माणसं. दाणे लहानमोठे असतील हे मला सुचलंच नव्हतं. मग जाड-बारीक चाळण्या आणल्या. एकेका मापाचा चुरा वेगळा करून उफणला, तेव्हा पांढरं दूर उडालं आणि घडवंचीच्या पायाशी काळी रास साचू लागली.

शेठ आला. मुठीत चुरा घेऊन त्याने वजन अजमावलं. "पानी कहाँ से लाया?"

"लाया ही नहीं," मी म्हणालो. चाळण्या सरूने आधीच गोधडीखाली सरकवल्या होत्या. खाणीच्या टेकडीवरचे सगळे टाकाऊ ढीग माझ्या मक्त्यात द्या, मग मालाचं बोलू, असं म्हणून मी चहा मागवला. शेठ तणतणत मोटारीपर्यंत गेला आणि परत आला. दुसरा चहा संपला तेव्हा ढीग माझे होते. मुकादमी मी त्याच दिवशी सोडली, पण माझ्या मर्जीने. आता इथल्या बाया सुपं चालवतात आणि सरूची मावळी बोलणी खातात.

गेल्या खेपेला गावी आलो तेव्हा दादा म्हणाला, "आता हितंच ऱ्हा. खाचरं तुजीबी हायतीच की." हे इतकी वर्षं कुठे होतं, असं ओठांवर आलं होतं. आईकडे बघून गिळलं. पण सासरी गेलेल्या बायकांना जे लवकर कळतं ते मला तिथे उशिरा कळलं. मावळ हे माझं माहेर. चार दिवस लाड करून घ्यावेत, भांडावं आणि निघावं. दादा, मी घाईने निघालो म्हणून रुसू नकोस. तिकडे वारा सुटला होता, आणि माणसं माझ्यासाठी थांबली होती.