जबलपूर वगळून काशी

माणसांवर लिहिण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, आणि तो मागून घेण्याइतकं माझं वाचनही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेची उत्तरं सोडून कुणी काही लिहिल्याचं आमच्याकडे उदाहरण नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते माझे थोरले चुलते, आप्पा, हयात आहेत. त्यांना वाचताही येतं आणि रागावताही येतं. तेव्हा वाचकांनी आणि आप्पांनी, जमेल त्या क्रमाने, मला माफ करावं.

आप्पा म्हणजे आमच्या तिसगावातले रेल्वेचे सर्वांत मोठे जाणकार. तिसगावला रेल्वे नाही, ही गोष्ट त्यांच्या आड कधीच आली नाही. स्वतः ते रेल्वेने एकदाच गेले, नगरहून मनमाडपर्यंत, आणि तेही दारात उभं राहून. पण मला समजायला लागल्यापासून आप्पा सगळ्या घरादाराला घेऊन काशीला निघालेले आहेत. दर वर्षी कांदा निघाला की ते निघतात. अजून ओसरी ओलांडायची राहिली आहे.

लोक गाडी बघून मुक्काम ठरवतात. आप्पा माणूस बघून मुक्काम ठरवतात. वाटेतल्या ज्या शहरात आपल्या भागातलं कुणी असेल तिथे उतरायचं, राहायचं, जेवायचं आणि मगच पुढची गाडी धरायची. मी एकदा भीत भीत लॉजचा विषय काढला. आप्पा म्हणाले, "शहरात आपला मानूस असताना ज्याला लॉजवर उतरावं वाटतं, त्यानं गावातबी लॉजवरच ऱ्हावं." तिसगावात त्यांना पटेल असं लॉज नसल्यामुळे मी गप्प बसलो.

झाशीला आपलं कुणी नव्हतं. ही झाशीची चूक होती. आप्पांनी महिनाभर शोध घेऊन कर्जतकडचा एक फौजी तिथे असल्याचं हुडकलं आणि त्याला ओसरीवरून फोन लावला.

"मी तिसगावहून बोलतोय. तुमच्या चुलत्याला मी वळखतो."

पलीकडून तो घाबरून म्हणाला, "काय झालं चुलत्याला?"

"त्याला काय हुतंय? आमी तुमच्याकडं मुक्कामाला येतोय."

"कवा?"

"ते अजून ठरायचंय."

त्या फौजीने बिचाऱ्याने "या की" म्हटलं. पण एकदाच म्हटलं. आप्पांच्या हिशेबात एकदा 'या' म्हणणं हे तोंडदेखलं असतं. दुसऱ्यांदा स्वतःहून फोन आला तर ते खरं. भुसावळच्या भाच्याचा असा दुसरा फोन आला नाही, तेव्हा मी काढलेली सगळ्यांची तिकिटं आप्पांनी रद्द करायला लावली. भाच्याला आपण काय पाप केलं हे आजही माहीत नसावं.

या सगळ्यात मोठ्या आईला, म्हणजे माझ्या चुलतीला, काशी नको होती. तिला जबलपूरला जायचं होतं. तिची धाकटी बहीण, सिंधूमावशी, तिथे राहते. मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, तिकडच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि तिथेच घर बांधून राहिले. आणि इटारसीहून सरळ पुढे गेलं की प्रयागच्या आधी जबलपूर लागतंच. तिथे सख्खी मेव्हणी, सख्खा साडू, स्वतःचं घर. आप्पांच्या नियमाने बघितलं तर सगळ्या भारतात इतकी हक्काची दुसरी जागा नव्हती. म्हणूनच आप्पांची गाडी इटारसीला डावीकडे वळायची आणि भोपाळ, झाशी, कानपूर असा वळसा घालून प्रयागला जायची.

कारण राष्ट्रीय महत्त्वाचं होतं. अण्णांच्या मुलाचं लग्न केडगावच्या एका कार्यालयात झालं. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून पाहुण्यांची नावं पुकारून सत्कार करतात. त्या दिवशीही आजी सरपंच झाले, माजी झाले, होऊ घातलेले झाले. नवरा-नवरी ताटकळत उभे. आप्पांचं नाव काही पुकारलं गेलं नाही. आप्पा न जेवता उठले. अण्णा मंडपाच्या दारापर्यंत मागे आले. म्हणाले, "आवो, घरच्या मानसाचं नाव कुनी पुकारतं व्हय? तुमी सत्कार करनारं, घेनारं न्हाई." मला हे तेव्हाही पटलं होतं. आप्पांना नाही पटलं. घरी आल्यावर ज्यांना मोबाईलचा आवाज कमी करता येत नव्हता ते आप्पा दुकानात जाऊन अण्णांच्या घरचे नंबर ब्लॉक करायला शिकून आले. घरात मोबाईल तो एकच. दोघी बहिणींचं बोलणं तिथेच थांबलं.

मी एकदा नकाशा पुढे धरला. "आप्पा, सरळ गेलं तर एक दिवस वाचतो."

"मला नकाशा शिकवू नको. गाडी भोपाळवरनंबी जाती."

आतून भाकरी थापता थापता मोठी आई म्हणाली, "रूळ काय त्या मंडपातनं गेल्यात का?"

"तू मधी बोलू नको. रेल्वेचं हाय हे."

"व्हय, रेल्वेचंच हाय. माझी बहीन तेवढी रेल्वेची न्हाई."

आप्पांनी त्या दिवशी कानपूरचा मुक्काम एका दिवसाने वाढवला.

एवढं वाचून आप्पा नुसते हेकट वाटतील, म्हणून हेही सांगतो. मला पुण्याला कॉलेजात सोडायला आप्पाच आले होते. होस्टेलची खोली त्यांनी बघितलीसुद्धा नाही. दिवसभर आजूबाजूच्या रस्त्यांवर फिरून त्यांनी पाथर्डीचा एक रसवंतीवाला शोधला आणि त्याला सांगितलं, "पोरगं तुमच्या वटीत टाकलंय. आता तुमचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे पहिल्याच सत्रात मी तापाने पडलो, तेव्हा तोच माणूस रसवंती बंद ठेवून डबा घेऊन जिने चढून आला. परक्या गावात आपलं माणूस असावं, हे आप्पांचं वेड खोटं नाही. फक्त ते आपलं माणूस कोण हे माइकवाल्याने ठरवावं, एवढीच त्यात गडबड होती.

गेल्या आठवड्यात आप्पांच्या नंबरवरून फोन आला. यंदाचा मार्ग ठरला असेल म्हणून मी उचलला. पलीकडे मोठी आई होती. तिने आजवर मला कधी स्वतःहून फोन केला नव्हता.

"अण्णा गेलं," ती म्हणाली.

"कोण अण्णा?"

"जबलपूरचं. लई दिवस झालं म्हनं. तेरावंबी झालं. आज बाजारात कर्जतचा माझा भाऊ भेटला, तो मलाच इचारतो, तू का गेली न्हाईस म्हून. सिंधी एकटी बसली आसंल रं. बहीन का आली न्हाई म्हनून माझी वाट बघितली आसंल तिनं."

मग तिचा आवाज एकदम कामाला लागला.

"जबलपूरचं तिकीट काढ. मधी कुठं उतरायचं न्हाई."

"दोघांचं काढू?"

तिने फोन तोंडापासून लांब धरला. "पोरगं इचारतंय, तुमी येताय का?" मागे आप्पा खाकरले. मग मोबाईल हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

"दोन काढ," आप्पा म्हणाले. एरवी तिकीट काढायचं म्हटलं की ते गाडी विचारतात, डबा विचारतात, जेवणाच्या वेळेला कुठलं स्टेशन येतं ते विचारतात. त्यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. मी ठेवणार इतक्यात परत आवाज आला, अगदी हळू, मोठ्या आईला ऐकू जाऊ नये असा.

"मी आलेलं चालंल का रं त्यांना?"